शीळवाल्या काकांची नाणी गेली कुठे?

एक

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ऑफिसातला फोन वाजला आणि पलीकडून कुणीतरी सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा आवाज आला.

"शीळवाले काका का?" अक्कांनी विचारलं. "बोला."

"पैफे आले नाहीत," काका म्हणाले.

अक्कांच्या हातातलं पेन थांबलं. बँकेच्या रोख खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि एका पैशाचाही फरक कधी येऊ दिला नव्हता. निवृत्तीनंतर घरात बसून त्यांना भिंती खायला उठल्या, म्हणून त्या इथे आल्या. इथे म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दीड खोलीत. या दीड खोलीतून एक मंच चालायचा. कुणी बाहुल्या नाचवायचं, कुणी कुलपं उघडून दाखवायचं, आणि जगभरातले लोक ते आपापल्या पडद्यावर बघून आवडीप्रमाणे पैसे धाडायचे.

शीळवाले काका तोंडाने बत्तीस पाखरांचे आवाज काढत. महिन्यापूर्वी ते जिन्यात घसरले आणि समोरचे वरचे दोन दात गेले. दातांबरोबर शीळही गेली, उरली नुसती हवा. मग त्यांच्या श्रोत्यांनी आपणहून वर्गणी काढली, काकांच्या नव्या दातांसाठी. ज्यांनी कार्डाने किंवा बँकेतून पैसे भरले, त्यांचा वाटा अक्कांनी बुधवारीच पोचता केला होता. लांबलांबच्या लोकांनी मात्र क्रिप्टो पाठवलं होतं. तिकडून साधे पैसे धाडायचे तर बँका मधल्यामध्ये बराच लचका तोडतात. तो वाटा मोठा होता. दोन हजार चारशे ऐंशी नाणी. दिसत नाहीत, वाजत नाहीत, पण असतात, हे अक्कांनी आता मान्य केलं होतं.

ती नाणी सांभाळायचा तो नाणेवाला. वय एकोणतीस, खिशात खरं नाणं एकही नाही, आणि कॉम्प्युटरपुढे बसला की जेवणाखाणाची शुद्ध नाही.

"गेलीयत की!" नाणेवाला पडद्याकडे बघत म्हणाला. "काल गुरुवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी. हे बघा, सराफाकडे पोचलीयत."

सराफ म्हणजे नाणी घेऊन त्यांचे साधे पैसे करून देणारी परदेशातली कंपनी. नाव अक्कांनीच पाडलेलं. या सराफाचा पत्ता सगळ्यांसाठी एकच. फक्त त्याच्या फॉर्ममध्ये कलाकाराची खूण, म्हणजे साधा एक आकडा, भरायचा. एखाद्या मोठ्या इमारतीत हजार खोल्या असाव्यात तसं. खोलीचा नंबर चुकला की टपाल शेजाऱ्याकडे. नाणी इमारतीत शिरली हे साऱ्या जगाला दिसत होतं. कुठल्या खोलीत गेली हे फक्त सराफाला ठाऊक होतं, आणि सराफ उत्तर द्यायला तीन दिवस घ्यायचा.

"आणि चार नंबरची खोली कुणाची रे?" मागून मंचाच्या मालकीणबाईंचा आवाज आला.

नाणेवाल्याने मान खाली घातली. चार नंबर त्याचाच होता. नवीन काही बनवलं की चाचणीसाठी तो दोन-चार नाणी स्वतःकडे धाडून बघायचा.

"नाणी हलवायची गुप्त किल्ली तुझी, कॉम्प्युटर तुझा, आणि खोलीही तुझी," मालकीणबाई म्हणाल्या. त्या चौतिशीच्या होत्या आणि रागावल्या की आणखी भरभर बोलायच्या. "काकांचे हजारो चाहते मला जाब विचारतायत. पाच वाजता मी जाहीर निवेदन टाकणार आहे. तोवर नाणी सापडली तर ठीक. नाहीतर त्यात तुझं नाव असेल, आणि क्रिप्टोचं दार कायमचं बंद."

असं म्हणून त्या टेबलाखाली वाकल्या आणि त्यांनी त्याच्या कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपसून काढल्या.

"मला पाचपर्यंत वेळ द्या," अक्का म्हणाल्या. "मी बघते."

एवढ्यात पार्सलवाला दार ढकलून आत आला. दारावर अक्कांच्या हातची पाटी होती, 'जेवणाची सुट्टी १ ते २'. पाटीकडे बोट दाखवत तो म्हणाला, "नवापासून दोनपर्यंत जेवता? तुमच्याकडे एखादी जागा असली तर सांगा हो!"

कुणालाच हसायचं सुचत नव्हतं, तरी मदतताई हसली आणि तिने सही करून खोकं घेतलं. मदतताई म्हणजे कलाकारांच्या तक्रारी ऐकणारी मुलगी, दिवसभर कानाला फोन लावलेली. पार्सलवाला निघून गेला.

नाणेवाला हळूच अक्कांजवळ सरकला आणि त्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "अक्का, शोधू नका."

दोन

अक्कांनी त्याला जिन्यात नेलं. खाली दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं.

"शोधू नको म्हणजे काय? चोरी केलीस?"

"नाही."

"मग?"

"मीच भरला फॉर्म. चिठ्ठीवर होता तोच आकडा. एकशे एक."

चिठ्ठी हा अक्कांचा नियम. चिठ्ठीशिवाय पैसा हलता कामा नये, मग तो दिसणारा असो की न दिसणारा. चिठ्ठीवर खूण आकड्यात आणि रक्कम अक्षरी. नाव मात्र कधीच नाही. खातेदाराचं नाव चार लोकांत फिरू नये, ही खिडकीतली शिस्त. नाणेवाला सुरुवातीला या चिठ्ठ्यांची टिंगल करायचा, पुढे सवयीने मुकाट्याने घेऊ लागला.

"आणि काल पावणेदोनला तू कुठे होतास?"

"खुर्चीवर."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. काल सव्वा ते अडीच त्या स्वतः मालकीणबाईंबरोबर बँकेत होत्या, त्यामुळे डोळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. पण परतल्यावर त्यांना नाणेवाल्याच्या टेबलावर चहाचा भरलेला कप दिसला होता. वर जाड साय. हा पोरगा चहा असा पितो की जीभ भाजावी, साय धरायला वेळच देत नाही. शिवाय डोळे लालभडक होते. अक्कांना वाटलं होतं, रडलाय की काय. पण रडून आलेला माणूस केसांचा इतका चापून भांग पाडत नाही. तीन वाजता त्याने डबा उघडला आणि चार माणसांचं जेवण एकट्याने फस्त केलं.

"खुर्चीवर होतास तर चहा का नाही प्यायलास?"

त्याने जिन्याच्या कठड्याचा गंज नखाने खरवडायला सुरुवात केली.

"अक्का, तुम्ही मला आईसारख्या आहात. एवढं एकच विचारू नका. नोकरी गेली तरी चालेल."

"तुझी नोकरी जाईल ते जाईल. उद्या सगळ्या जगात तुझं नाव चोर म्हणून लागेल. पुढे कुणी पाण्याचा पेला तरी देईल का तुला?"

तो गंज खरवडत राहिला. चोरी केलेली माणसं त्यांनी खिडकीतून बरीच पाहिली होती. ती फार बोलतात. शपथा घेतात, हिशेब मांडून दाखवतात. हा मात्र गप्प होता, आणि गप्प बसून कुणालातरी पाठीशी घालत होता.

किल्ली त्याचीच होती. पण काल दुपारी ती फिरवणारी बोटं त्याची नव्हती.

तीन

"मलाही विचारणार?" मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या.

"बँकेत एकदा मी मॅनेजरसाहेबांचेही खिसे रिकामे करायला लावले होते," अक्का म्हणाल्या. "तुमच्याकडे सगळ्या किल्ल्यांची एक किल्ली आहे ना?"

"आहे. पण एक चाळीसला मी तुमच्या शेजारी बसले होते. बँकेतल्या त्या व्याजवाल्या कारकुनाला तुम्हीच झापत होतात."

ते खरं होतं. फार छान झापलं होतं. अक्कांनी मालकीणबाईंच्या नावावर मनातल्या मनात काट मारली.

मग राहिले काका. पैसे मिळाले आणि माणूस नाही म्हणाला, असं खिडकीत पुष्कळदा घडलेलं. अक्कांनी फोन लावला.

"काका, खातं पुन्हा बघा. चष्मा लावून बघा."

"बघितलं. फून्य आहे फून्य!"

"शपथ?"

"फपथ घ्यायला दात तरी कुठायत? थांबा, खरेपणा दाखवतो." काकांनी खोल श्वास घेतला आणि बुलबुलाची शीळ घालायचा यत्न केला. फोनमधून नुसतं फुस्स आलं. मागे काकू खळखळून हसल्या.

"अहो, महिनाभर घर कसं शांत आहे!" काकूंनी फोन ओढून घेतला. "मला तर बरंच झालंय. पण खिडकीतला तो बुलबुल रोज येऊन बसतो हो. जोडीदार आजारी आहे असं वाटतं त्याला. त्याच्याकडे बघवत नाही. तेवढे दात मिळाले ना, की मी पुन्हा कटकट करायला मोकळी."

एवढं मोकळं हसणारं घर खोटं बोलत नाही. अक्कांनी फोन ठेवला आणि दुसरी काट मारली.

कोपऱ्यात लोखंडी तार होती. काम झालेली चिठ्ठी तिच्यात टोचायची, हाही अक्कांचाच नियम. त्यांनी कालची चिठ्ठी काढून उजेडात धरली. त्यांचंच अक्षर, बारीक आणि किंचित उजवीकडे झुकलेलं:

१०१
दोन हजार चारशे ऐंशी नाणी फक्त

खूण बरोबर होती आणि रक्कमही बरोबर होती. म्हणजे अक्कांकडून चिठ्ठी गेली ती बिनचूक. त्यांना जरा हायसं वाटलं आणि लगेच हायसं वाटल्याची लाजही वाटली. स्वतःची कातडी वाचली म्हणून खूश व्हायचं, आणि तिकडे पोरगा जिन्यात गंज खरवडतोय.

त्या चिठ्ठी परत टोचणार, तोच त्यांना खालच्या कोपऱ्यातली खूण दिसली. काम झाल्याची बरोबरची खूण, हिरव्या शाईतली.

नाणेवाल्याने जन्मात कधी पेन विकत घेतलेलं नव्हतं.

चार

हिरवं पेन मदतताईच्या कानावर होतं.

अक्का स्टूल ओढून तिच्यापाशी बसल्या. चार वाजले होते. मदतताई एका कुलूपवाल्याला समजावत होती, की तुमचा व्हिडिओ चोरांनी पाहिला तर त्याला आम्ही काय करणार. फोन ठेवल्यावर तिने अक्कांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आज किती फोन आले गं?" अक्कांनी सहज विचारलं.

"चौऱ्याहत्तर." ताईने वही पुढे केली. ती फोन खुणेच्या आकड्यावरून नोंदवायची. "एकशे एकचे दोन. ते काका. सव्वीसचा एक, त्याला त्याचाच व्हिडिओ सापडत नाहीये. नऊशे नऊचे तीन."

"तीन? तक्रार काय?"

"काहीच नाही. बाहुलीवाली आहे ती. सकाळपासून फोन करून नुसती हसते, रडते, आभार मानते. मी म्हटलं, बाई, आनंदाची तक्रार नोंदवायची सोय आमच्याकडे नाही."

अक्का हसल्या. मग त्यांनी तारेवरची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हिरव्या खुणेवर बोट टेकवलं.

ताईच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

"मी सकाळीच सांगणार होते. त्यानेच गप्प केलं मला. म्हणाला, किल्ली मी दिली, नियम मी मोडला, तू मध्ये पडू नकोस. काल त्याला तासभर बाहेर जायचं होतं. काकांच्या दातांचं काम लांबायला नको म्हणून मीच म्हटलं, दे, मी भरते."

"गेला कुठे होता तो?"

"ते नाही सांगणार. शप्पथ घातलीय त्याने."

"बरं, ते राहू दे. तू आकडा कोणता भरलास?"

"चिठ्ठीवरचाच, अक्का! दोनदा ताडून पाहिला. आता म्हणाल तोंडपाठ सांग, तर नाही सांगता येणार. दिवसाला शंभर आकडे हाताखालून जातात. पण जो लिहिला होता तोच भरला. माझ्या आईची शपथ."

अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगी खोटं बोलत नव्हती. पण खरं बोलण्याने गुंता सुटायच्या ऐवजी वाढला होता. लिहिलं बरोबर, भरलं बरोबर, आणि नाणी गायब! म्हणजे दोष सराफाचा. तो तीन दिवसांनी कबूल होणार, आणि निवेदन तर पाच वाजता जाणार.

त्या विचार करत दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. समोर त्यांचीच पाटी. पार्सलवाल्याची थट्टा आठवून त्यांना उगाच हसू आलं. नवापासून दोनपर्यंत जेवण म्हणे!

मग हसू ओठांवरच थांबलं. तो पार्सलवाला गेली दोन वर्षं येत होता. इमानेइतबारे खोकी टाकायचा, सही घ्यायचा, निघून जायचा. दोन वर्षांत त्याने एकदाही थट्टा केलेली नव्हती. थट्टा करणाऱ्यातला तो माणूसच नव्हता. मग आज एकाएकी काय झालं?

अक्कांनी पाटीकडे डोळे बारीक करून पाहिलं. एकदा जवळून, एकदा लांबून. मग त्या झपाझप ताईच्या टेबलाशी आल्या.

"ताई, ही चिठ्ठी घे. विचार करू नकोस. काल वाचलीस तशी मोठ्याने वाच."

ताईने चिठ्ठी उचलली आणि वाचली. तिने जे वाचलं ते ऐकून अक्कांनी चिठ्ठी तिच्या हातातून काढून घेतली.

पाच

पाचाला सात मिनिटं कमी असताना अक्कांनी सगळ्यांना बोलावलं. मालकीणबाई हातात फोन घेऊन आल्या. निवेदन लिहून तयार होतं, फक्त नावाची जागा भरायची होती. नाणेवाला आपल्या मुक्या कॉम्प्युटरला टेकून उभा राहिला.

"चोर सापडला," अक्का म्हणाल्या.

"कोण?"

"मी."

मालकीणबाईंनी फोन खाली ठेवला.

"म्हणजे चोरी नाहीच झाली," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज खिडकीतल्यासारखाच ठणठणीत होता. "झाली ती चूक, आणि ती माझी. एकतीस वर्षं मी मराठी आकडे लिहिले. इथे आले तरी तेच लिहीत राहिले. आपला मराठी एक कसा असतो? वर गोल, खाली शेपूट. आणि इंग्रजी नऊ?"

सगळ्यांनी मनातल्या मनात काढून पाहिला आणि सगळ्यांचे डोळे एकदम मोठे झाले.

"पार्सलवाल्याने दारावर वाचलं, नऊ ते दोन. आपण म्हटलं, थट्टा करतोय. तो बिचारा दिसलं ते बोलत होता."

"पण अक्का," मालकीणबाई म्हणाल्या, "इतके दिवस तुमच्या चिठ्ठ्या बरोबर वाचल्या गेल्या की!"

"कारण वाचणारा हा होता, आणि याला माझं अक्षर पाठ आहे. काल वाचणारी ताई होती. ही शाळेपासून इंग्रजी आकड्यांत वाढलेली. तरी चिठ्ठीत एखादा सहा असता, आठ असता, तर तिने लगेच ओळखलं असतं, की हे मराठी आहे. पण काकांच्या आकड्यात आहे काय? एक, शून्य, एक. शून्य दोन्हीकडे सारखंच. रक्कम मी अक्षरी लिहिते, त्यामुळे तिथे काही कळायचा प्रश्न नाही. आणि नाव तर मी लिहीतच नाही, फार शिस्तीची ना मी!"

त्यांनी हिरवं पेन उचललं, चिठ्ठीवर आपल्या १०१ च्या खाली 909 असं लिहिलं आणि ती मालकीणबाईंपुढे धरली.

"नऊशे नऊ!" ताई किंचाळली. "बाहुलीवाली! सकाळपासून तीनदा!"

मालकीणबाईंनीच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून आधी हसणंच आलं.

"अहो, मी कधीपासून फोन करतेय!" बाहुलीवाली म्हणाली. "कुणी हो पाठवले एवढे पैसे? त्या देवमाणसाचं नाव सांगा. मी त्याच्या नावाची बाहुली करणार आहे. सकाळपासून घरात नाचतेय मी, शेजारी दोनदा विचारून गेले."

अक्कांनी पुढे होऊन सगळं सांगितलं. दात, शीळ, आकडा, काहीच लपवलं नाही. समोरची बाई नाही म्हणाली असती तर कुणाचं काय चालणार होतं? पैसे तिच्या खोलीत होते.

"म्हणजे," बाहुलीवाली सावकाश म्हणाली, "मी त्या माणसाच्या दातांचा मखमली पडदा शिवणार होते?"

आणि ती इतकी हसली की फोन टेबलावर थरथरला.

"कापड पसंत करून आले होते हो! उद्या पैसे भरणार होते. घ्या, आत्ता परत पाठवते. पडदा काय, जुन्या चादरीचाही होतो. पण त्या काकांना सांगा, दात बसले की माझ्या खेळात एक पाखरू बोलायला हवं. फुकट!"

फोन बंद झाला. मालकीणबाईंनी निवेदन उघडलं. नावाची मोकळी जागा अजून तशीच होती.

"आता हे टाकायलाच नको," त्या म्हणाल्या. "नाणी मिळाल्याची दोन ओळींची बातमी देऊ. चूक कुणाची, काय, ते कशाला?"

"सकाळपासून हा पोरगा चोर ठरलाय," अक्का म्हणाल्या. "चूक कुणाची ते लिहायचंच. लिहा."

आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून. मालकीणबाई ते लिहीपर्यंत त्या ताठ उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच हिशेबात त्यांची चूक निघाली होती. आपण आता रडणार, असं त्यांना वाटत होतं. पण उलटंच झालं. एकतीस वर्षं डोक्यावर धरलेली कसलीतरी पाटी खाली ठेवल्यासारखी त्यांची मान मोकळी झाली.

ठीक पाच वाजता निवेदन गेलं.

सहा

सव्वापाचला नाणी परत आली आणि वीस मिनिटांत एकशे एकच्या खोलीत जाऊन बसली. या वेळी फॉर्म भरताना चौघंही मोठ्याने आकडा वाचत होते. मालकीणबाईंच्या फोनवर चाहत्यांचे निरोप धो धो येत होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'मीही चेकवर असाच एक काढतो, मी आता कुणाकुणाचे पैसे कुठे धाडलेत ते बघतो.'

"तू मात्र एक सांग," अक्का नाणेवाल्याला म्हणाल्या. "काल गेला होतास कुठे? आता तरी बोल. नाहीतर मी हिला शपथेतून सोडवते."

नाणेवाला कानापर्यंत लाल झाला.

"पोहायला."

"काय?"

"पोहायला शिकतोय. मला पाण्याची भीती वाटते. दुपारची बॅच सात-आठ वर्षांच्या मुलांची आहे, तिथेच जागा होती. ती सगळी सूर मारतात आणि मी अजून काठाचा दांडा धरून पाय मारतो. काल एका चिमुरडीने मला बुडताना वाचवलं."

ताईला हसू आवरेना. तिने तोंडावर वही धरली. अक्काही हसल्या, पोट धरून हसल्या, डोळ्यांना पदर लावून हसल्या. एवढ्याशा गोष्टीपायी हा पोरगा चोर ठरायला निघाला होता, म्हणून त्यांना हसताहसता त्याचा राग आला आणि मायाही आली.

"मी तुझ्यावर संशय घेतला रे," त्या म्हणाल्या. "सकाळी घटकाभर घेतला. खोटं कशाला बोलू?"

"घटकाभर? मी असतो तर दिवसभर घेतला असता."

मालकीणबाई मात्र हसत नव्हत्या. त्या उठल्या, नाणेवाल्याच्या टेबलापाशी गेल्या आणि काही न बोलता टेबलाखाली शिरल्या. वायरींची खुडबुड ऐकू येऊ लागली. एक वायर चुकीच्या भोकात गेली, एक धुळीत पडली. बाई शिंकल्या.

"माझं चुकलं," टेबलाखालून आवाज आला.

नाणेवाल्याने अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी डोळे मिचकावले.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

"माझं चुकलं म्हटलं. विचारल्याशिवाय तुला चोर म्हणाले."

"अजून नाही ऐकू आलं. वायरींमुळे असेल."

मग मालकीणबाईंनी मोठा श्वास घेतला आणि असा आवाज लावला की खाली सायकलवाल्याच्या हातातला पाना थांबला.

"माझं चुकलं! तू चोर नाहीस! सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं!" खालून सायकलवाला ओरडला. "कोण चोर नाही?"

"आमचा नाणेवाला!" अक्कांनी खिडकीतून वाकून सांगितलं, आणि रस्त्यावरून जाणारी दोन माणसंही वर बघू लागली, म्हणून त्यांनी तेच पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने सांगितलं.